थोरांच्या खांद्यावर

४ जुलै २०२५ रोजी वेल्समधील कार्डिफ शहरी, श्रोत्यांनी तुडुंब भरलेल्या क्रीडांगणात दोन भाऊ एकमेकांचा हात धरून व्यासपीठावर आले. नोएल आणि लीअम गॅलाघर ही त्यांची नावे. 'ओअॅसिस' हा त्यांचा रॉक बँड २००९ साली पॅरिसमध्ये झालेल्या भांडणानंतर मोडला होता आणि तेव्हापासून हे सख्खे भाऊ एकत्र गायले नव्हते. त्यांच्या या पुनर्मीलनाबरोबरच तीस वर्षांपूर्वीचा एक वादही पुन्हा जागा झाला. 'ओअॅसिस'ची थोरवी 'बीटल्स'च्या तोडीची आहे काय, हा तो वाद. जुन्या चाहत्यांनी नकारार्थी मान हलवली, नव्यांनी ती त्वेषाने होकारार्थी हलवली. आणि तीस वर्षांत एकाही पक्षाने दुसऱ्याचे मन वळवले नव्हते, ही गोष्ट या वेळीही कोणाच्या ध्यानी आली नाही.

धर्मग्रामातील कुटुंबांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात विलायतेतील रॉक बँडांची ही उठाठेव कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो रास्तच आहे. परंतु 'आमच्या वेळचे ते थोर, तुमचे ते नक्कल' हे वाक्य कोणत्या घरात उच्चारले जात नाही? गाण्याच्या बाबतीत नसेल, तर स्वयंपाकाच्या बाबतीत, शिक्षकांच्या बाबतीत, गावच्या सणाच्या बाबतीत ते उच्चारले जाते. हे वाक्य बोलणाऱ्याला बहुधा गोड वाटते आणि ऐकणाऱ्याला बहुधा बोचते. म्हणून हा वाद संगीताचा वाटला तरी त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. जुन्याशी तुलना करून नव्याचे मोल ठरविणे न्यायाचे आहे काय, आणि असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत, एवढाच तो प्रश्न. या दोन बँडांचे उदाहरण त्यासाठी फार सोयीचे आहे, कारण त्यांच्यातील नाते कोणी लपवलेले नाही.

प्रथम ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे लिव्हरपूल बंदरातील सामान्य घरांतले चार तरुण. १९६० ते १९६२ या काळात जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या रात्रगृहांत तासन्‌तास वाजवून त्यांनी हात बसवला. त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका १९६३ साली निघाली आणि १९७० साली हे चौघे विभक्त झाले. अवघ्या सात वर्षांच्या अवधीत त्यांनी डझनभर ध्वनिमुद्रिका दिल्या आणि साऱ्या जगाच्या तरुण कानांचे वळणच बदलून टाकले. लेनन यांची १९८० साली न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली. हॅरिसन २००१ साली निवर्तले.

लिव्हरपूलपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर मँचेस्टर शहर आहे. तेथील कामगारवस्तीत गॅलाघर बंधू वाढले. त्यांची आई आयर्लंडमधील मेयो परगण्यातून मँचेस्टरला आलेली. घर आयरिश कॅथलिक. (मॅकार्टनी आणि हॅरिसन यांचाही बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभेतच झाला होता, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) १९९१ साली धाकट्या लीअमच्या बँडमध्ये थोरला नोएल दाखल झाला. १९९४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि १९९५ साली दुसरी. १९९६ च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थ येथील मैदानात दोन रात्रींत मिळून अडीच लाख माणसे त्यांना ऐकावयास जमली. त्यांनी आपले गुरू कोण हे कधी झाकले नाही. 'बीटल्स'ची गाणी ते आपल्या कार्यक्रमांत गात असत. लीअमने तर आपल्या पहिल्या मुलाचे नावच लेनन ठेवले.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो, कारण तो सांगितल्याखेरीज पुढचे विवेचन कोरडे राहील. आमचे थोरले बंधू बोटीवर नोकरीस असताना त्यांनी आणलेल्या 'बीटल्स'च्या तबकड्या हे आमच्या तरुणपणीचे मोठे धन होते. रविवारच्या मिस्सानंतर दुपारी त्या लावावयाच्या, आणि सुई उचलेपर्यंत कोणी बोलावयाचे नाही, असा आमच्या घरी अलिखित नियम होता. १९९६ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा सतरा वर्षांचा भाचा राहावयास आला. त्याने मुंबईहून 'ओअॅसिस'ची एक कॅसेट आणली होती. 'मामा, हे ऐकून तर बघा, तुम्हांला नक्की आवडेल,' असे म्हणत त्याने ती लावली. आम्ही तीन गाणी ऐकली आणि म्हणालो, 'हे सारे आम्ही आधीच ऐकले आहे. ही उष्टी पत्रावळ आहे.' त्याने काही उत्तर दिले नाही. कॅसेट काढली, डबीत घातली आणि डबी खिशात घातली. त्यानंतर त्या सुट्टीत त्याने आमच्यासमोर गाणे म्हणून लावले नाही, आणि पुढे पुष्कळ वर्षे आपल्याला काय आवडते हे आम्हांला सांगितलेही नाही.

त्या वेळी आपण एका वादात जिंकलो, असे आम्हांस वाटले होते. आपण नेमके काय मोजले आणि कोणत्या मापाने मोजले, याचा विचार आम्ही त्या दिवशी केला नाही. तो उशिराने का होईना, येथे करू पाहतो.

थोरवी मोजण्याची पहिली रीत संख्येची. ती सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत फसवी. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणात 'बीटल्स'ना ऐकावयास पंचावन्न हजारांवर लोक जमले, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. एकतीस वर्षांनी नेबवर्थला एकेका रात्री सव्वा लाख जमले. म्हणून 'ओअॅसिस' दुपटीहून अधिक थोर ठरतात काय? शे क्रीडांगणावर गाण्यापेक्षा किंकाळ्याच अधिक ऐकू येत होत्या, कारण त्या काळचे ध्वनिवर्धक एवढ्या मोठ्या जमावाला पुरे पडत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९६६ च्या ऑगस्टमध्ये, 'बीटल्स'नी जाहीर दौरे कायमचे थांबवले. गर्दीचा आकडा ध्वनिवर्धकांबद्दल, रस्त्यांबद्दल, तरुणांच्या खिशातील पैशाबद्दल बरेच काही सांगतो. गाण्याबद्दल मात्र फार थोडे सांगतो. हे माप दोन्ही पक्षांनी बाजूस ठेवलेले बरे.

दुसरी रीत प्रथमपणाची. 'ज्याने प्रथम केले तो थोर. मागाहून आलेला अनुयायी.' जुन्यांचा भर बहुधा यावरच असतो, आणि आमचाही त्या दिवशी यावरच होता. परंतु प्रथम येणे हा कितपत गुण आहे? मनुष्य केव्हा जन्मास येतो हे त्याच्या हाती नसते. १९४० च्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्याला १९६० चे दशक तरुणपणी मिळाले. १९६७ साली जन्मलेल्या नोएलला ते मिळणे शक्यच नव्हते. जे हाती नव्हते त्याचे श्रेय द्यावयाचे नाही आणि त्याचा दोषही लावावयाचा नाही, हा न्यायाचा साधा नियम आहे. थोरल्या भावाने आधी जन्म घेतला म्हणून आपण त्याला मान देतो, पण तो अधिक सद्‌गुणी आहे असा निष्कर्ष त्यावरून काढत नाही.

शिवाय, प्रथम म्हणून ज्यांना आपण गौरवतो, ते तरी खरोखर प्रथम होते काय? 'बीटल्स'च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत चौदा गाणी आहेत. त्यांपैकी सहा दुसऱ्यांची आहेत. त्यांनी चक बेरी आणि लिटल रिचर्ड यांचे अनुकरण केले, बडी हॉली यांच्या गायनाचा ध्यास घेतला. बँडचे नावसुद्धा हॉली यांच्या साथीदारांच्या कीटकवाचक नावावरून सुचलेले. या अमेरिकन गायकांतील पहिले दोघे कृष्णवर्णीय होते आणि त्यांचे संगीत आणखी जुन्या ब्लूज संगीतातून व प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीतांतून आलेले होते. १९६२ च्या आरंभी लंडनच्या एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने 'बीटल्स'ची परीक्षा घेऊन त्यांना परत पाठवले होते. म्हणजे ज्यांच्या नावाची काठी करून आम्ही भाच्याच्या कॅसेटवर उगारली, ते स्वतः एके काळी नवे होते, अनुकरण करणारे होते आणि नाकारलेलेही होते. जुन्याच्या नावाने नव्याला झोडपणारा माणूस जुन्याचाही इतिहास विसरलेला असतो.

या देण्याघेण्याचा एक धागा तर आपल्या मुंबईतून गेलेला आहे. १९६६ साली जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्यापाशी सतार शिकण्यासाठी मुंबईस येऊन राहिले होते. पुढे १९६८ च्या जानेवारीत ते पुन्हा आले आणि मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांना घेऊन त्यांनी एका इंग्रजी चित्रपटाच्या संगीताचा काही भाग मुद्रित केला. त्या चित्रपटाचे नाव 'वंडरवॉल' आणि त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'वंडरवॉल म्युझिक'. सत्तावीस वर्षांनी मँचेस्टरच्या नोएल गॅलाघरने आपल्या एका गाण्याला हेच नाव घेतले, आणि ते गाणे 'ओअॅसिस'चे सर्वांत प्रसिद्ध गाणे ठरले. आज गिटार शिकू लागलेली असंख्य मुले ते छेडतात. एका शब्दाने लिव्हरपूल, मुंबई आणि मँचेस्टर असा प्रवास केला. यात चोरी कोणती आणि वारसा कोणता? हॅरिसन मुंबईच्या वादकांकडून घेऊन गेले तर आपण त्याला आदर म्हणतो; गॅलाघर हॅरिसनकडून घेऊन गेले तर नक्कल का म्हणावे?

नोएल गॅलाघर यांना स्वतःला हे नाते नीट उमगले होते, असे दिसते. २००० साली निघालेल्या आपल्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेला त्यांनी 'स्टँडिंग ऑन द शोल्डर ऑफ जायंट्स', म्हणजे महाकायांच्या खांद्यावर उभे राहून, असे नाव दिले. हे शब्द त्यांना ब्रिटनच्या दोन पौंडांच्या नाण्याच्या कडेवर आढळले होते आणि घाईत टिपून घेताना 'खांद्यां'चा एकच 'खांदा' झाला. नाण्यावर ते आले सर आयझॅक न्यूटन यांच्या पत्रावरून. परंतु ही कल्पना न्यूटनहून पाचशे वर्षे जुनी आहे. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलच्या विद्यालयात बाराव्या शतकात बर्नार्ड नावाचे आचार्य होते. आपण प्राचीनांच्या तुलनेत बुटके आहोत, पण त्यांच्या खांद्यावर बसलो असल्यामुळे त्यांच्याहून थोडे दूरचे पाहू शकतो, अशा अर्थाची शिकवण ते देत असत. जॉन ऑफ सॅलिसबरी या विद्वान धर्मगुरूंनी ती ११५९ साली आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली. पुढे ते शार्त्रचेच बिशप झाले.

या दृष्टांतात दोन्ही पक्षांसाठी धडा आहे. खांद्यावर बसलेल्याने आपली उंची स्वतःची समजू नये, हा नव्यांसाठी. आणि खांदा हा कोणाला तरी वर घेण्यासाठी असतो, हा जुन्यांसाठी. ज्या महाकायाच्या खांद्यावर कोणी चढूच शकत नाही, त्याची उंची पाहणाऱ्यांच्या उपयोगाची राहत नाही. 'बीटल्स'च्या थोरवीचा एक पुरावा हाच की, त्यांच्यामागून 'ओअॅसिस' येऊ शकले. रिंगो स्टार यांचे चिरंजीव झॅक स्टार्की यांनी २००४ पासून २००८ पर्यंत 'ओअॅसिस'साठी ड्रम वाजवले. पित्याने ज्या बँडमध्ये ताल धरला, त्याच्याशी ज्याची तुलना होते त्या बँडमध्ये पुत्राने ताल धरला. चाहते ज्यांना प्रतिस्पर्धी समजून भांडत होते, ते स्वतः एका सुरात वाजवीत होते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे तुमच्या मते सारेच सारखे. तुलना करूच नये.' तसे आम्हांस म्हणावयाचे नाही. दुखवू नये म्हणून सगळ्यांनाच सारखे म्हणणे हाही एक प्रकारचा असत्याचार आहे, आणि तो तरुणांना फसवतो. कलाकृतीची पारख करता येते, ती करावी, आणि जे आढळेल ते प्रामाणिकपणे सांगावे.

तशी पारख आम्ही केली तर आमचे मत आजही 'बीटल्स'च्या बाजूने पडते. त्यांच्या वाटचालीकडे पाहा. १९६३ साली साधी प्रेमगीते गाणारे हे तरुण १९६५ साली एका गाण्यात सतार आणतात. १९६६ साली 'एलेनॉर रिग्बी' या गाण्यात गिटार, ड्रम सारे बाजूस ठेवून केवळ आठ तंतुवाद्यांच्या साथीवर एका एकाकी स्त्रीची आणि एका एकाकी धर्मगुरूची कहाणी सांगतात. त्याच वर्षी तंबोऱ्यासारख्या अखंड सुरावर ध्वनिफितींचे तुकडे उलटसुलट फिरवून आधी कोणी न ऐकलेला नाद निर्माण करतात. प्रत्येक वेळी मिळालेले यश मागे टाकून ते अनोळखी वाटेने निघाले. 'ओअॅसिस'नी १९९४ ते २००८ या काळात सात ध्वनिमुद्रिका दिल्या, परंतु पहिल्या दोहोंत त्यांनी जे घर बांधले त्यातच ते बहुतांशी राहिले. १९९७ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेवर तर पुढे नोएल यांनी स्वतःच कडक टीका केली. नव्या वाटा पाडण्याच्या बाबतीत दोहोंत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर सांगणे म्हणजे कोणाचा अपमान नव्हे.

मग आमचा अपराध कोणता? मत चुकीचे होते हा नव्हे. तीन गाणी ऐकून पूर्ण मत देणे, हा पहिला दोष. सतरा वर्षांच्या मुलाने प्रेमाने पुढे केलेली वस्तू तिच्या गुणदोषांसह हाती न घेता तिच्यावर शिक्का मारणे, हा दुसरा. आणि तिसरा, जो सर्वांत गंभीर : आम्ही 'बीटल्स'ची थोरवी आमचीच थोरवी असल्याप्रमाणे वापरली. त्या तबकड्या आमच्या बंधूंनी आणल्या, गाणी लिव्हरपूलच्या चौघांनी रचली, आमचे त्यात कर्तृत्व ते कोणते? केवळ आधी ऐकल्याचे. ज्यात आपला वाटा नाही त्या मोठेपणाची पगडी घालून लहानासमोर मिरवणे, यालाच अहंकार म्हणतात. चाहत्यांचे वाद इतके कडवट का होतात याचे उत्तर बहुधा येथेच आहे. वाद बँडांचा असता तर तो गाणी ऐकून मिटला असता. तो असतो आपापल्या तारुण्याचा. माझे तारुण्य तुझ्या तारुण्याहून श्रेष्ठ होते, असे म्हणण्याची सभ्य पद्धत म्हणून आपण बँडांची नावे घेतो.

वडीलधाऱ्यांच्या घाईची किंमत काय असते, याचे एक उदाहरण 'बीटल्स'च्याच चरित्रात आहे आणि ते आपल्याला विशेष जवळचे आहे. १९६६ च्या मार्चमध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना, आपण आता येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय झालो आहोत, अशा आशयाचे उद्‌गार लेनन यांनी काढले. ते अमेरिकेत पुन्हा छापले गेले तेव्हा तेथील दक्षिणेकडील गावांत त्यांच्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. ऑगस्टमध्ये शिकागो येथे लेनन यांनी खेद व्यक्त केला. उद्‌गार उद्दाम होते, यात शंका नाही. श्रद्धावंतांचे मन दुखावले, हेही स्वाभाविक. परंतु होळीत उद्‌गार जळत नव्हते, गाणी जळत होती. बेचाळीस वर्षांनी, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये, व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या दैनिकाने त्या उद्‌गारांकडे अचानक यश मिळालेल्या एका कामगारवर्गीय तरुणाची बढाई म्हणून पाहिले, आणि 'बीटल्स'च्या संगीताची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. तोवर लेनन जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. क्षमा पोहोचली, ज्याच्यासाठी होती तो मात्र ऐकण्यास उरला नव्हता.

थोरवीचे आणखी एक माप आहे, ते चाहत्यांच्या वादात फारसे कोणी काढत नाही. २२ मे २०१७ च्या रात्री मँचेस्टरमध्ये एका गायिकेचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत असताना आत्मघातकी स्फोट झाला. बावीस माणसे मरण पावली. त्यांत लहान मुलेही होती. तिसऱ्या दिवशी, २५ मे रोजी, शहरातील सेंट अॅन चौकात फुलांच्या राशींभोवती लोक मिनिटभर स्तब्ध उभे राहिले. स्तब्धता संपली तरी कोणास हलवेना. तेव्हा गर्दीतील एका स्त्रीने एकटीनेच गावयास आरंभ केला. ते गाणे होते 'ओअॅसिस'चे 'डोन्ट लुक बॅक इन अँगर'. रागाने मागे वळून पाहू नकोस, एवढे त्याचे शीर्षकच सांगते. एकेक करून भोवतालचे लोक त्यात सामील झाले आणि पाहता पाहता सारा चौक गाऊ लागला.

त्या गाण्याच्या आरंभीचे पियानोचे सूर ऐकताना लेनन यांच्या १९७१ सालच्या 'इमॅजिन'ची आठवण होते, आणि ते ऐकणाऱ्या कोणालाही कळते. उष्टी पत्रावळ म्हणून आम्ही झिडकारलेल्या कॅसेटवर ते होते; तीन गाण्यांनंतर आम्ही थांबलो आणि ते चौथे होते. शोकाकुल शहराला आपले दुःख द्वेषाच्या वाटेने जाऊ नये यासाठी एक गाणे हवे होते, आणि ते त्या शहरातल्याच एका मुलाने, उसन्या सुरांच्या पायावर, बावीस वर्षांपूर्वी रचून ठेवले होते. त्या चौकात उभे राहून, 'पण हे 'बीटल्स'च्या तोडीचे नाही,' असे कोणी म्हटले असते तर ते कदाचित खरेही ठरले असते, आणि तरीही ते उच्चारणे लाजिरवाणे ठरले असते. गाणे कोणाच्या कामी येईल हे रचणाऱ्याला ठाऊक नसते आणि त्याची पारख करणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून पारख करणाऱ्याने आपला निर्णय जरा हलक्या हाताने लिहावा.

जुन्या करारात एज्राच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेमेत मंदिराचा पाया पुन्हा घातला. ज्या वृद्धांनी शलमोनाचे पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते ते मोठ्याने रडू लागले, आणि इतर पुष्कळ जण आनंदाने जयघोष करू लागले. रडण्याचा आवाज कोणता आणि हर्षाचा कोणता, हे दुरून ऐकणाऱ्यांना वेगळे काढता येईना. वृद्धांचे अश्रू खोटे होते असे ग्रंथकार म्हणत नाही. तरुणांचा हर्ष उथळ होता असेही म्हणत नाही. जुने मंदिर खरोखरच भव्य होते आणि नवा पाया खरोखरच घातला गेला होता. दोन्ही आवाज एका आवारात मावले, एवढेच तो सांगतो. आपल्या घरांचे आवार तेवढे ऐसपैस असावे, यापलीकडे आम्हांस काही मागावयाचे नाही.

सेंट अॅन चौकातील त्या दृश्याची बातमी आम्ही दूरदर्शन संचावर पाहिली त्या रात्री आम्ही भाच्यास दूरध्वनी केला. तो आता संसारी माणूस आहे, त्याची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारचा उल्लेख करून आम्ही म्हणालो, 'त्या दिवशी आम्ही पुरते ऐकले नाही, ते चुकले.' तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, 'मामा, त्यात काय एवढे! पण खरे सांगू? आमची ही हल्ली जे काही ऐकते ना, त्याला गाणे तरी म्हणावे का?'

आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, 'अरे, आधी चौथ्या गाण्यापर्यंत ऐक. मग बोलू.'